भवानी, इश्यू चौदा

माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकही कागद हरवला नाही. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही. अशा माणसाबरोबर जिने चाळीस वर्षं काढली तिला विचारा, म्हणजे कागद हरवणारी माणसं किती सुखाची असतात ते कळेल.

वसंतराव तमिळ मुलखात, आवडी नावाच्या गावी, संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात होते. भुसावळहून बदली झाली तेव्हा आमचा दर्शन कडेवर होता. दोन-तीन वर्षांत परत जाऊ म्हणता म्हणता आम्ही इथेच निवृत्त झालो, इथेच फ्लॅट घेतला. मी कारखान्याच्या शाळेत हिंदी शिकवत होते आणि हे ड्रॉइंगच्या रेकॉर्ड रूममध्ये होते. कुठल्या सुट्या भागाचं ड्रॉइंग कितव्या नंबरचं आणि त्याची कितवी आवृत्ती चालू आहे, एवढं सांभाळायचं काम. आवृत्तीला तिथे इश्यू म्हणत. इश्यू तीन आला की इश्यू दोन रद्द. नुसता रद्द नाही, त्याच्या सगळ्या प्रती गोळा करायच्या, मशीनमध्ये घालून चिंध्या करायच्या आणि रजिस्टरात लिहायचं, इश्यू तीन मिळाला, इश्यू दोन नष्ट केला. खाली दोन सह्या, एक नष्ट करणाऱ्याची आणि एक साक्षीदाराची.

त्याला कारण घडलं होतं. एकदा जुन्या इश्यूची एक प्रत कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये राहिली आणि तिच्यावरून दोनशे भाग तयार झाले. दोनशेच्या दोनशे भंगारात गेले. यांच्या शेजारच्या टेबलावरचे कृष्णस्वामी त्यात सस्पेंड झाले, आणि तो ड्रॉवर त्यांचा नव्हताच हे पुढे आठ महिन्यांनी सिद्ध झालं. तेवढ्यात ते म्हातारे होऊन गेले. 'एका गोष्टीच्या दोन प्रती म्हणजे त्यातली एक खोटी' हे यांचं वाक्य तेव्हापासूनचं आहे. मला ते झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणता येईल.

जित्याची खोड काही निवृत्तीने जात नाही. दर्शन सिरुसेरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. परदेशातल्या बँकांच्या डेटाचा बॅकअप नीट होतोय की नाही हे बघण्याचा त्याला पगार मिळतो. आमचा कॉम्प्युटर जुना झाला तेव्हा त्याने एक हार्ड डिस्क आणून दिली आणि म्हणाला, "बाबा, महिन्यातून एकदा बॅकअप घेत जा." एवढं सांगून, दोन पुरणपोळ्या खाऊन तो गेला. बॅकअप म्हणजे काय हे त्याने सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी यांनी लाल कापडी बांधणीचं रजिस्टर विकत आणलं.

तेव्हापासून आमच्या घरात दर महिन्याच्या एक तारखेला कारखाना भरतो. हे आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसतात. डिस्क कपाटातून निघते. फोल्डर डिस्कवर जातात. मग ती आपल्या पिशवीत, पिशवी कपाटात, किल्ली शर्टच्या खिशात. मधेच हे रजिस्टर घेऊन स्वयंपाकघरात येतात आणि "इथे" म्हणतात. मी ओला हात पदराला पुसून 'इथे' सही करते. एक तारखेला सकाळी दहा वाजता कणीक मळणाऱ्या बाईने आणखी काय करावं?

आता भवानीबाईंचं सांगते. त्या तळमजल्यावर राहायच्या. तंजावरकडच्या मराठी, नवरा रेल्वेतून निवृत्त होऊन वारलेला. सुरुवातीला मी त्यांचं मराठी सुधारत असे. पेशा शिक्षिकेचा, दुसरं काय. त्या हसून म्हणायच्या, "तुमचें मराठी शाळेंतलें, आमचें चुलीपुढचें. चूल कां शाळेंत जाते, अलकाबाई?" आठवड्याभरात मी खडू खाली ठेवला. रोज तीन वाजता मी खाली जायची. त्या फिल्टर कॉफी करायच्या, पितळी टंबलरमध्ये फेसाळून द्यायच्या, आणि आम्ही बोलायचो. या गावात मला मराठीतून बोलायला दोनच माणसं होती. त्यातलं एक माणूस फक्त 'इथे' म्हणायचं, तेव्हा माझी खरी मैत्रीण कोण हे सांगायला नको.

त्यांची एकुलती एक मुलगी कमलिनी पंचवीस-सव्विसाव्या वर्षी गेली. मागे दीड वर्षाची श्रीरंजनी राहिली. बाप दुसरं लग्न करून कोइंबतूरला गेला आणि पोर आजीकडे वाढली. सोळा-सतराव्या वर्षी तिने आजीला स्पष्ट सांगितलं की मला अम्माच्या गोष्टी सांगू नकोस, तू रडतेस आणि मला काय करावं कळत नाही. त्या वयात मुलं असं बोलतात. भवानीबाईंनी ते मनाला लावून घेतलं आणि त्या गप्प झाल्या. पुढे श्रीरंजनीला सिरुसेरीला नोकरी लागली, ती तिकडेच हॉस्टेलवर राहायला गेली, आणि महिन्यातून एक रविवार येऊ लागली.

एक दिवस भवानीबाई मला म्हणाल्या, "अलकाबाई, तुमच्या फोनांत माणसाचें बोलणें राहतें म्हणे. मग माझें ठेवून घ्यां. कमलिनीचें सगळें मी सांगत्यें. हें पोर आत्तां ऐकायचें नाहीं. पण एक दिवशीं मागेल. मागेल तेव्हां द्यां."

मी म्हटलं, "तमिळमध्ये सांगा ना, तिला ते सोपं जाईल."

"कमलिनीचें सगळें मराठींतच झालें," त्या म्हणाल्या. "तें मी तमिळांत कसें सांगूं?"

चौदा महिने त्या सांगत होत्या. मी फोन टंबलरला टेकवून स्टुलावर ठेवायची. फोन भरला की मी सगळं कॉम्प्युटरवर घ्यायची, 'भवानी' नावाच्या फोल्डरमध्ये. कॉम्प्युटर आधीच कुंथत होता. वसंतराव म्हणाले, "तुझं फोल्डर फार जड आहे. बॅकअप झालं की इथलं काढत जा. हातातली प्रत हरवते, कपाटातली राहते." मला ते पटलं. एक तारखेला सही केली की मी फोनमधलं पुसायची, कॉम्प्युटरवरचं पुसायची, आणि रिकाम्या फोल्डरमध्ये पुढच्या महिन्याचं भरायला लागायची. कपाटात आहे म्हटल्यावर कसली काळजी?

चौदावा महिना लागला आणि भवानीबाईंना पक्षाघात झाला. पुढच्या महिन्यात त्या गेल्या. त्याला दोन वर्षं झाली.

गेल्या गुरुवारी श्रीरंजनीचा फोन आला. ती निम्मं इंग्रजी, पाव तमिळ आणि उरलेलं आजीचं मराठी बोलते. लग्न ठरलंय म्हणाली. मुलाच्या घरी गेले होते, त्याच्या आईने विचारलं की तुझी आई कशी होती. "आंटी, मला कांहीं सांगायला आलें नाहीं. एक वाक्यपण नाहीं. आज्जी तुमच्यापाशीं ठेवून गेली आहे म्हणून तेव्हां बोलली होती. मी आतां ऐकतें. संडेला येऊं?"

मी ये म्हटलं. मला इतका आनंद झाला की मी वसंतरावांना चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त दिली. मागेल तेव्हा द्या, असं मैत्रिणीने सांगितलं होतं, आणि पोरीने मागितलं होतं. निवृत्तीनंतर कुणाला द्यावं असं माझ्यापाशी काही आहे याचा मला विसर पडला होता.

शनिवारी सकाळी मी डिस्क मागितली. यांनी आधी रजिस्टरात नोंद केली, मग किल्ली काढली, मग डिस्क जोडली. 'भवानी' फोल्डर उघडलं. आत एकच फाइल होती, चार मिनिटं दहा सेकंदांची.

"बाकीच्या कुठे आहेत?" मी विचारलं.

"कुठल्या बाकीच्या?"

"भवानीबाईंच्या. चौदा महिन्यांच्या. पन्नास-साठ तरी असतील."

"ते जुने इश्यू," हे म्हणाले. "हा चौदावा. चालू असतो तो एकच."

मला आधी कळलंच नाही. मग हे समजावून सांगू लागले, शांतपणे, नव्या कारकुनाला सांगावं तसं. दर महिन्याला 'भवानी' नावाचं फोल्डर येत होतं. त्याच नावाचं डिस्कवर आधीच होतं. म्हणजे नवा इश्यू आला. नवा ठेवला, जुना नष्ट केला. नुसता पुसला नाही. दर्शनने एक प्रोग्राम घालून दिला होता, त्यावर कागद फाडायच्या मशीनचं चित्र होतं, त्यात टाकलं की परत काही निघत नाही. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर काम नीट केल्याचं समाधान होतं, आणि ते मला आयुष्यभर विसरता येणार नाही.

"आत काय आहे ते एकदा तरी उघडून बघितलंत का?"

"ड्रॉइंग उघडून बघायचं नसतं. नंबर बघायचा, इश्यू बघायचा."

"तुमचे पेन्शनचे कागद बरे राहिले."

"ते फोल्डर पूर्ण असतं. आधीचं सगळं धरून त्यात नवीन घालतो. तुझंही तसंच असेल असं मी धरलं."

आता मी बोलायला लागले. चाळीस वर्षांचं बोलले. भुसावळ सोडल्यापासूनचं बोलले. बायकोचं फोल्डर जड आहे हे कळतं, त्यात काय आहे हे विचारावंसं वाटत नाही, असा माणूस मी दुसरा बघितला नाही म्हणाले. रेकॉर्ड रूममध्ये जन्म काढला आणि घराचं रेकॉर्ड चुलीत घातलंत म्हणाले. कुणाला विचारून नष्ट केलंत, हे मी तीनदा विचारलं.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा हे उठले आणि रजिस्टर उघडून माझ्यासमोर ठेवलं.

सुंदर अक्षर आहे यांचं. प्रत्येक पानावर एक ओळ. भवानी, इश्यू २ मिळाला, इश्यू १ नष्ट करत आहे. भवानी, इश्यू ३ मिळाला, इश्यू २ नष्ट करत आहे. शेवटच्या रकान्यात माझी सही. कुठे पूर्ण, कुठे नुसतं 'अल' आणि एक रेघ. एका सहीवर हळदीचं बोट उमटलेलं. एका ठिकाणी शाई कणकेत अडखळलेली. तेरा सह्या होत्या, मी दोनदा मोजल्या.

"तुझी सही झाल्याशिवाय मी एकदाही बटण दाबलं नाही," हे म्हणाले. "नियमच आहे तो. साक्षीदाराने नाही म्हटलं तर थांबायचं असतं."

टोमणा मारला असता तर मी उलट बोलले असते. पण यांना टोमणा मारता येत नाही. हे फक्त माहिती देत होते. तीस वर्षं मी प्रगतिपुस्तकं वाटताना पालकांना सांगत आले की वाचल्याशिवाय सही करू नका, आणि माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीला मी तेरा वेळा, न वाचता, मशीनमध्ये घातलं.

गप्प बसणं बरं झालं असतं. पण मी आणखी आवाज चढवला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. हे ऐकून घेत राहिले, आणि मग गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घालू लागले. सकाळी एकदा घातलेलंच होतं.

दर्शनला फोन लावला. त्याने सगळं ऐकलं आणि आधी हसला. मग माझा आवाज ऐकून थांबला. "आई, तो प्रोग्राम मी जुना लॅपटॉप विकायच्या वेळी दिला होता. त्याचं कामच ते आहे. त्यातून कोणीच काढू शकत नाही, आमची कंपनीसुद्धा नाही."

"मग काय करायचं?"

"आता काही नाही. पण यापुढे एक कॉपी क्लाउडवर ठेवायची. आमच्याकडे नियम आहे, कमीत कमी तीन कॉपी, वेगवेगळ्या ठिकाणी. बाबांना सांग ना, बॅकअप म्हणजे जास्तीची प्रत. मूळ काढून टाकायचं नसतं."

"हे तू हार्ड डिस्क दिलीस तेव्हा का नाही सांगितलंस?"

तो म्हणाला, "एवढं तर सगळ्यांना माहीत असतं." बैल गेला आणि झोपा केला. लोकांच्या बँका राखणाऱ्या मुलाला आईबापाला एक वाक्य सांगायला सवड नव्हती. पण हेही मी त्याला म्हटलं नाही, कारण रजिस्टर समोर उघडं होतं.

दुपारी मी वही घेऊन बसले. गेलं तर गेलं, मी तर ऐकलंय ना, म्हटलं. चौदा महिने समोर बसून ऐकलंय. आठवेल ते लिहून काढू. कमलिनी डावखुरी होती आणि शाळेतल्या बाईंनी तिचा डावा हात रिबिनीने बाकाला बांधला होता, हे आठवलं. तिला डांगर पच्चडी, म्हणजे उडदाच्या पिठाची दह्यातली कोशिंबीर, फार आवडायची आणि ताक अजिबात आवडायचं नाही. लग्नातली साडी लाखेच्या रंगाची होती. सात वर्षांची असताना ती आवडी स्टेशनात एकटीच गाडीत चढून बसली, रात्री गाडी कुठे झोपते ते बघायला. मग तिरुवळ्ळूरला कुणीतरी तिला उतरवून घेतलं. कुणी? आणि तिने घरी येऊन आईला काय सांगितलं? भवानीबाई ते सांगताना खूप हसल्या होत्या आणि मग रडल्या होत्या, एवढं आठवलं. काय म्हणाल्या ते आठवेना.

आठवेना, कारण मी ऐकतच नव्हते. हे मी पहिल्यांदा त्या वहीसमोर कबूल केलं. फोन चालू केला की मी सुटायची. तो ऐकतोय म्हटल्यावर मी कधी घेवड्याच्या शेंगा निवडायची, कधी भाजीवाल्याला हाक मारायला दाराशी जायची, कधी मनात संध्याकाळच्या आमटीचा हिशोब करायची. भवानीबाई फोनशी बोलत राहायच्या. फोन सुरू करण्याआधी, सुधारता सुधारता का होईना, मी त्यांचा शब्द न् शब्द ऐकत होते. चौदा महिन्यांचं माझ्याजवळ दीड पान निघालं.

रविवारी श्रीरंजनी अकराला आली. सिरुसेरीहून दोन बस आणि एक लोकल करून आली होती. मला जाईच्या फुलांचा गजरा आणला होता आणि यांना केळ्याचे वेफर्स. आल्या आल्या तिने मोबाइलला जोडायचं कानातलं काढून मांडीवर ठेवलं आणि एक वहीही काढली. लिहून घेणार होती बिचारी.

ती येण्याआधी मी एक काम केलं होतं. टीपॉयवर पडलेलं लाल रजिस्टर मी कालच्या पेपराखाली सारलं होतं. ती काही ते उघडून वाचणार नव्हती, तिला देवनागरी येत नाही. तरी सारलं.

"आंटी, कुठून आरंभ करूं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "हे ऐक." आणि ती एकुलती फाइल लावली. तिने कानातलं घातलं नाही, त्यामुळे आम्हा तिघांनाही ऐकावं लागलं.

पक्षाघातानंतरचा महिना होता तो. आधी पंख्याचा आवाज. मग माझा. 'भवानीबाई, बोला. फोन चालू आहे.' मग श्वास. मग घशातून एक लांब आवाज, त्यात शब्द नाही. परत मी. 'कमलिनीचं सांगत होता ना, ते पुढचं सांगा. बोला, मी आहे.' परत तो आवाज, जरा वर चढून तुटलेला. परत मी, शाळेतल्या आवाजात, 'प्रयत्न करा, येईल.' चार मिनिटं मी त्या बाईला छळत होते आणि ती प्रयत्न करत होती. शेवटी नर्स तमिळमध्ये म्हणते, पुरे अम्मा, त्यांना त्रास होतोय. मग फाइल संपते.

श्रीरंजनीने ओढणीने तोंड पुसलं. मग म्हणाली, "अडुत्तदु?" म्हणजे पुढचं.

"एवढंच आहे," मी म्हटलं.

"चौदा महिन्यांचें आहे म्हणून तुम्ही फोनवर बोलिलां होतां."

"होतं. बाकीचं पुसलं गेलं."

पुसलं गेलं. मराठीत ही मोठी सोय आहे, करणारा न सांगता वाक्य पूर्ण होतं. पण तिचं मराठी चुलीपुढचं, तिला असली सोय माहीत नव्हती. तिने सरळ विचारलं, "कोण पुसलें, आंटी?"

मी कालपासून या प्रश्नाची तयारी केली होती. वाक्य पाठ होतं. आमच्या दोघांच्या हातून, असं सुरू होत होतं. मी तोंड उघडलं, आणि तिचे डोळे बघितले. अगदी भवानीबाईंचे. मी पाण्याचा पेला उचलला आणि एक घोट घेतला.

"मी," वसंतराव म्हणाले.

ते खिडकीजवळच्या खुर्चीत होते. आज एक तारीख नसतानाही इस्त्रीचा शर्ट घातला होता. "मी पुसलं. जुनं काढून टाकायची सवय होती मला. हिला माहीत नव्हतं."

हिला माहीत नव्हतं, हे तर खरंच होतं. यांनी आयुष्यात खोटी नोंद केलेली नाही. माझ्या मनात आलं, आता बोल अलकनंदा, पेपर बाजूला सार. तेरा सह्या आहेत, त्या दाखव. पोर चिडली तर दोघांवर चिडेल. मी पेला खाली ठेवला, रुमालाने त्याचा ओला गोल पुसला, आणि बोलले नाही.

श्रीरंजनी यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "परवाइल्लै, अंकल." म्हणजे असू दे. बसमध्ये कुणाचा पाय आपल्या पायावर पडला तर इथे हाच शब्द म्हणतात. त्यानंतर निघेपर्यंत तिने यांच्याकडे एकदाही बघितलं नाही. यांनी सरबत पुढे केलं ते तिने माझ्याकडे बघत घेतलं.

मी वही काढली. दीड पान वाचून दाखवलं. रिबिनीने बांधलेला हात ऐकताना तिने आपला हात उलटा करून बघितला. तीही डावखुरी आहे, हे मला तेव्हा कळलं. डांगर पच्चडीला हसली. मग गाडीची गोष्ट आली. गाडी कुठे झोपते ते बघायला सात वर्षांची मुलगी गाडीत बसली, आणि तिरुवळ्ळूरला कुणीतरी तिला उतरवलं. ती पुढे सरकून बसली.

"मग? कोण आणलें तिला? घरीं येऊन काय बोलली अम्मा?"

"आठवत नाही," मी म्हटलं.

"थोडकें पण?"

"नाही गं."

ती मान हलवत राहिली. मग ती चार मिनिटं दहा सेकंद तिने आपल्या फोनमध्ये घेतली, माझं दीड पान घडी करून वहीत ठेवलं, कोरी वही पर्समध्ये घातली. जाताना दाराशी माझा हात धरून म्हणाली, "तुम्ही तरी आज्जीपाशीं बसून होतां, आंटी. ते पुष्कळ." आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरून गेली. तळमजल्यावर भवानीबाईंच्या जुन्या दाराशी तिची चप्पल थांबली, मग पुढे गेली.

मी आत आले. वाटलं होतं, आता हे काहीतरी बोलतील. निदान विचारतील, तू का गप्प बसलीस. मी उत्तरही शोधत होते. पण यांनी टीपॉयवरचा पेपर उचलला, घडी घातली, त्याखालचं रजिस्टर घेतलं. ते तिथे आहे हे यांना पहिल्यापासून माहीत होतं. रजिस्टर मांडीवर उघडून, चष्मा लावून हे लिहायला बसले. एका ओळीला एवढा वेळ कधी लागला नव्हता.

मग रजिस्टर माझ्यासमोर आलं. "इथे," हे म्हणाले.

भवानी, इश्यू १४, एक प्रत नात श्रीरंजनी हिला दिली. मूळ डिस्कवर ठेवलं आहे. इश्यू १ ते १३ माझ्या एकट्याच्या चुकीने नष्ट झाले. खाली यांची सही, तारखेसह.

पेन यांनी टोपण काढून धरलं होतं. या वेळी माझे हात कोरडे होते, गॅसवर काही नव्हतं. मी ती ओळ पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचली, 'एकट्याच्या' हा शब्द पुन्हा वाचला, आणि साक्षीदाराच्या रकान्यात पूर्ण सही केली.